जुन्या मराठीतले वाक्प्रचार आपल्या वाक्यात कसे आणावेत

‘पाणी सोडणे : अर्थ – त्याग करणे. वाक्य – रामने अभ्यासावर पाणी सोडले.’

नववी-दहावीच्या वह्या तपासताना असं वाक्य मला दरवर्षी भेटतं. अर्थ बरोबर लिहिलेला असतो, वाक्यही व्याकरणात बसतं, त्यामुळे गुण द्यावे लागतात. पण मराठी बोलणारं कुणी असं म्हणत नाही. अभ्यासावर पाणी सोडत नाहीत. पाणी सोडतात ते हक्काच्या गोष्टीवर : वाटणीतल्या जमिनीवर, थकलेल्या पगारावर, पाहुण्याला उसन्या दिलेल्या पैशांवर. मुलाला अर्थ पाठ होता, पण त्या शब्दांमागे हातानं केलेली एक कृती आहे हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

मी गेली बरीच वर्षं शाळेत मराठी शिकवते. जुन्या साहित्यातले वाक्प्रचार मुलांच्या, आणि माझ्याही, लिहिण्यात यावेत म्हणून हळूहळू एक पद्धत बसवत आणली. तिचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे : वाक्प्रचार जन्माला आला तेव्हा लोक प्रत्यक्ष काय करत होते ते आधी शोधायचं आणि मगच वाक्य लिहायला बसायचं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना ही पद्धत उपयोगी पडेल, पण मी ती लिहिते आहे ती मुख्यतः ज्यांना आपली मराठी सपक होत चालल्याची खंत वाटते त्यांच्यासाठी.

पहिली पायरी : वाचायला काय घ्यायचं

उत्साहानं माणूस थेट ज्ञानेश्वरी उघडतो, दहा ओव्यांत अडतो आणि पुस्तक मिटतो. म्हणून मी उलट्या क्रमानं जायला सांगते. आधी एकोणिसाव्या शतकातलं गद्य घ्या. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात होते आणि झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्यांचं ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापलं गेलं. घरातला एखादा वडीलधारा माणूस ओटीवर बसून सांगतो आहे, अशी ती भाषा आहे. त्यात सरावलात की बखरींकडे या. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदानं जिंजीला लिहिलेली शिवछत्रपतींची बखर आणि पानिपतावरची भाऊसाहेबांची बखर, या दोन वाचल्या तरी वही भरेल. मग तुकोबांची गाथा, मग दासबोध आणि शेवटी ज्ञानेश्वरी. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ.स. १२९०ची. एवढ्या अंतरावर एकदम उडी मारू नये.

वाचताना दोन अडचणी येतात. पहिली अनुस्वारांची. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधी छापलेल्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘केलें’, ‘तेथें’ असं असतं. उताऱ्यात ते तसंच ठेवा, स्वतःच्या वाक्यात आजच्या पद्धतीनं लिहा. दुसरी अडचण जुन्या प्रत्ययांची. ‘अमृतातें’ म्हणजे अमृताला, ‘भोगासी’ म्हणजे भोगाला, ‘जालें’ म्हणजे झालं. असे आठ-दहा प्रत्यय सरावाचे झाले की निम्मं कोडं सुटतं. आणि मोठ्यानं वाचा. बखर तर मोठ्यानंच वाचायची. डोळ्यांना अनोळखी वाटणारा शब्द पुष्कळदा कानाला ओळखीचा निघतो, कारण आजी तो बोलत असते.

दुसरी पायरी : वाक्प्रचार आहे की नाही हे तपासणं

ओळीतला एखादा शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा घालून पाहा. ‘जमिनीवर पाणी सोडलं’मधलं पाणी काढून ‘जमिनीवर जल सोडलं’ केलं की अर्थ कोसळतो, कुणीतरी शेत भिजवतंय असं वाटतं. म्हणजे हा वाक्प्रचार आहे. मात्र ‘उदक सोडणे’ चालतं, कारण मूळ विधीतला शब्दच तो आहे. ‘अटकेपार झेंडे लावणे’ घ्या. इथे ‘अटक’ हे गावाचं नाव, सिंधू नदीकाठचं. १७५८ साली मराठी फौजा तिथवर पोचल्या. माझ्या एका विद्यार्थ्यानं या वाक्प्रचाराचा अर्थ ‘पोलिसांच्या हातून निसटणे’ असा लिहिला होता. अटक म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे बेड्या आल्या आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता, कारण नकाशा कुणी दाखवलाच नव्हता. त्या दिवसापासून वर्गात हा वाक्प्रचार आला की मी आधी भिंतीवरच्या नकाशावर पुण्यापासून सिंधूपर्यंत बोट फिरवते.

तिसरी पायरी : मागची कृती शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. चार वाक्प्रचार शेजारी शेजारी ठेवते : पाणी सोडणे, तुळशीपत्र ठेवणे, तिलांजली देणे, मूठमाती देणे. परीक्षेच्या पुस्तकांत चौघांपुढेही ‘त्याग करणे’ असाच काहीतरी अर्थ छापलेला असतो. त्यामुळे मुलं कुठलाही कुठेही वापरतात.

आता कृती पाहा. दान देताना यजमान उजव्या हातावरून पळीभर पाणी ताम्हनात सोडतो. पाणी पडलं की वस्तू त्याची राहिली नाही, तिच्यावरचा हक्क संपला. म्हणून ‘पाणी सोडणे’ नेहमी स्वतःच्या हक्काच्या गोष्टीवर येतं. आजच्या बोलण्यात त्याला नाइलाजाची छटा आली आहे : ‘कोर्टकचेऱ्या करून थकल्यावर अण्णांनी अखेर त्या दोन एकरांवर पाणी सोडलं.’

त्याच दानविधीत वस्तूवर तुळशीचं पान ठेवून ती अर्पण करतात. ‘तुळशीपत्र ठेवणे’ यात नाइलाज नाही, आपखुशी आहे, आणि समोर काहीतरी मोठं असावं लागतं : ‘स्वातंत्र्यलढ्यात कितीतरी तरुणांनी घरादारावर तुळशीपत्र ठेवलं.’ पत्त्यांत हरलेल्या शंभर रुपयांवर कुणी तुळशीपत्र ठेवत नाही.

‘तिलांजली’ मात्र मरणाच्या विधीतली. तीळ मिसळलेलं ओंजळभर पाणी मृताला दिलं की तो निरोप कायमचा. म्हणून ती सवयीला, तत्त्वाला, नात्याला देतात : ‘निवडणूक जवळ आली आणि तत्त्वांना तिलांजली मिळाली.’ मूठमातीही मरणाचीच, पण पुरताना द्यायची. आणि मराठीत तिची एक वेगळीच जागा ठरून गेली आहे : वाईट चालीरीतींना मूठमाती देतात. ‘हुंड्याच्या चालीला मूठमाती द्या’ हे कानाला बरोबर लागतं, ‘हुंड्यावर तुळशीपत्र ठेवा’ लागत नाही. का लागत नाही ते आता तुमचं तुम्हालाच सांगता येईल, आणि एवढं साधलं की कोश उघडावा लागत नाही.

पाण्यावरून आठवलं. ‘देव पाण्यात घालून बसणे’ हीसुद्धा खरोखरची कृती. नवस फळेपर्यंत देवाची मूर्ती पाण्यात ठेवून वाट पाहायची. ‘मुलाचा निकाल लागेपर्यंत ती देव पाण्यात घालून बसली होती.’ ‘पाण्यात पाहणे’ म्हणजे द्वेष करणे, ‘पाणी पाजणे’ म्हणजे हरवणे, आणि ‘मेहनतीवर पाणी फिरणे’ म्हणजे बाहेरच्या कारणानं ती वाया जाणे. पाणी एकच, पण प्रत्यय आणि क्रियापद बदललं की संसार बदलतो.

शाळेतला एक शब्द मला फार जवळचा आहे : ओनामा. जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल पहिल्यांदा गिरवायचं ते ‘ॐ नमः सिद्धम्’. मुलांच्या तोंडी त्याचं ‘ओनामासीधं’ झालं आणि पुढे नुसतं ‘ओनामा’ उरलं. पाटी लाकडाची, तिच्यावर बारीक धूळ पसरलेली, त्यात बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं आणि पाटी हलवली की ते पुसून जायचं. म्हणून ‘धुळाक्षरे गिरवणे’. ‘श्रीगणेशा करणे’ही आरंभाचंच, पण ते कुठल्याही कामाच्या आरंभाला चालतं : दुकानाचा श्रीगणेशा, बांधकामाचा श्रीगणेशा. ओनामा शिकण्याशी बांधलेला आहे. ‘साठाव्या वर्षी आईनं मोबाइलवर मराठी टाइप करण्याचा ओनामा केला’ हे वाक्य मला अगदी बेतलेलं वाटतं, कारण ती खरोखरच पुन्हा अक्षरं गिरवत होती.

बखरींतलं जग फौजेचं. फौज रोज ठरावीक वाट चालायची आणि थांबायची. त्या एका टप्प्याला फारसीत मंझिल, मराठीत मजल. ‘मजल दरमजल करीत’ म्हणजे एकेक टप्पा गाठत, मुक्काम करत. राहुट्यांच्या मेखा जमिनीत ठोकल्या की ‘तळ ठोकला’. स्वार आपल्या डेऱ्यापाशी पोचला की ‘डेरेदाखल’ झाला. हरलेला माणूस दातांत गवताची काडी धरून यायचा, मी गाय आहे, मला मारू नका असं सांगत. ते ‘दाती तृण धरणे’. दरबारात अवघड कामगिरीसाठी विडा ठेवला जायचा आणि जो तो उचलेल त्यानं ती अंगावर घेतली असं मानायचं. म्हणून ‘विडा उचलणे’. सभासदाच्या बखरीत अफजलखानाच्या तोंडी ‘चढे घोडियानिशी’ असे शब्द आहेत. घोड्यावरून खालीही न उतरता शिवाजीला पकडून आणतो, ही त्यातली घमेंड. हा वाक्प्रचार आज जवळजवळ विसरलाय आणि मला तो परत यावासा वाटतो. ‘चढ्या घोड्यानिशी काम उरकून येतो म्हणाला आणि संध्याकाळी हात हलवत परतला.’ असा माणूस प्रत्येक कचेरीत असतो.

पानिपताचा निकाल १४ जानेवारी १७६१ रोजी लागला. त्या संहाराची बातमी एका सावकारी पत्रातून दक्षिणेत आली, असं सांगतात. दोन मोती गळाले, इतक्या मोहरा गेल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा त्या पत्राचा आशय. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे साधे शिपाई. सुट्ट्या नाण्यांना खुर्दा म्हणतात हे वर्गात सांगितल्यावर मागच्या बाकावरून हळूच प्रश्न आला होता, ‘म्हणजे शिपाई मोजलेच नाहीत?’ तो शब्द मुलाला पुरता समजला होता. ‘पानिपत होणे’ मात्र जपून वापरा. क्रिकेटचा एक सामना हरला की मथळ्यात पानिपत होतं. सगळंच गेलं, उभारीही गेली, अशा हरण्यासाठी तो शब्द राखून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

‘ध चा मा करणे’ही पेशवाईतलंच. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला. ‘धरावे’ या हुकुमातला ‘ध’ बदलून आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं, अशी आख्यायिका. अक्षर एकच, पण बदल जाणूनबुजून केलेला. म्हणून टंकलेखनातल्या चुकीला ध चा मा म्हणू नका. ठराव मंजूर झाल्यावर इतिवृत्तात कुणी गुपचूप एक शब्द फिरवला, तर तिथे तो चपखल बसतो.

पोबारा हा फाशांच्या खेळातला. पौ म्हणजे एक आणि बारा. हे दान पडलं की सोंगटी सुटते. हिंदीत ‘पौ बारह होना’ म्हणजे चांदी होणं, मराठीत ‘पोबारा करणे’ म्हणजे पळ काढणं. दान एकच, पण हिंदीनं त्यातला फायदा उचलला आणि आपण निसटणं.

कृती शोधायची कुठे? आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. भटजी, सोनार, सुतार, शेतकरी यांना विचारा. मग कोश. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा सात विभागांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही आता इंटरनेटवर शोधता येतात. मोल्सवर्थमध्ये शब्दाखाली त्या काळचे प्रयोग दिलेले असतात, ते सोडू नका. वाक्प्रचार सापडत नसेल तर क्रियापदाखाली शोधू नका, नामाखाली पाहा : ‘सोडणे’ नको, ‘पाणी’ बघा.

चौथी पायरी : तेव्हाचा अर्थ आणि आताचा

शब्द दिसायला तोच असतो, पण आतून बदललेला असतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें। परि अमृतातेंही पैजा जिंके’ अशी ओवी आहे. इथलं ‘कौतुकें’ म्हणजे शाबासकी नव्हे. लीलेनं, सहज, असा त्याचा भाव. आणि ‘अमृतातें’ म्हणजे अमृताला : अमृतालाही पैजेवर हरवील अशी अक्षरं. आपण आज ‘अमृताशी पैज जिंकणारी मराठी’ म्हणतो, म्हणजे प्रत्ययही बदलून घेतला. तेही बरोबरच आहे, फक्त ‘अमृतातेही पैजेत जिंकणारी’ अशी खिचडी नको. मूळ ओळ द्यायची तर तशीच द्या, आपल्या वाक्यात आणायची तर आजच्या प्रत्ययांनी आणा.

पसायदानातलं ‘खळांची व्यंकटी सांडो’ मुलं रोज म्हणतात आणि ‘सांडो’ म्हटलं की त्यांना दूध आठवतं. जुन्या मराठीत सांडणे म्हणजे सोडणे, टाकणे. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. दुष्टांचा वाकडेपणा जावो, दुष्ट नव्हे, हे लक्षात आल्यावर शाळेतली ती रोजची प्रार्थना एकदम उजळते.

तुकोबांचं ‘आलिया भोगासी असावे सादर’ घ्या. इथे ‘सादर’ म्हणजे आदरासकट, तयारीनं. स्टेजवर नृत्य सादर करण्याचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून ‘पाऊस आला, आलिया भोगासी सादर झालो’ असं लिहू नये, ‘असावे सादर’ हेच ठेवावं. दासबोधातलं ‘सामर्थ्य आहे चळवळेचें’ सगळ्या मोर्च्यांच्या फलकांवर दिसतं. समर्थांच्या शब्दात हालचाल, खटपट, सतत काहीतरी करत राहणं आहे. आजचा संघटनेचा अर्थ नंतर येऊन बसला. फलकावर तो शोभतोच, पण मूळ अर्थ माहीत असला तर एकट्यानं गावात वाचनालय चालवणाऱ्या माणसाबद्दल लिहितानाही ती ओळ वापरता येते.

फारसी-अरबीतून आलेल्यांचे प्रवास तर अचंबा वाटावा असे आहेत. फारसीत शिकस्त म्हणजे पराभव, मोडतोड. मराठीत ‘प्रयत्नांची शिकस्त करणे’ म्हणजे होता होईल तेवढी पराकाष्ठा. अरबी खल्वत म्हणजे एकांत, आपल्याकडे झालं खलबत, एकांतात बसून केलेली मसलत. म्हणून खलबत भर चौकात होत नाही. ‘दार लावून तासभर खलबत चाललं होतं’, हे झालं खरं खलबत. पापोश म्हणजे जोडा. लग्नघरातला ओटा डोळ्यांपुढे आणा आणि मग ‘कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही’ म्हणून बघा.

पाचवी पायरी : प्रत्यय आणि कर्ता

परीक्षेत गुण जातात ते इथे. प्रत्येक वाक्प्रचाराला ठरलेला प्रत्यय लागतो, तो वाक्प्रचाराबरोबरच पाठ करा. कशावर पाणी सोडणे. कशाला तिलांजली देणे. कशाचा ओनामा करणे. काही करण्याचा विडा उचलणे. कुणाच्या हातावर तुरी देणे. कुणाला वाटाण्याच्या अक्षता लावणे. वहीत नुसतं ‘तुरी देणे’ लिहून ठेवलंत तर वाक्य लिहिताना नक्की अडखळाल.

पुढचा प्रश्न : चांगल्याला की वाईटाला? ‘पाचवीला पुजणे’ पाहा. मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री पूजा करतात. आमच्याकडे आजी पाटा-वरवंटा मांडायची. त्या पूजेत बाळाचं नशीब ठरतं अशी समजूत. पण भाषेनं इथे पक्षपात केला आहे. पाचवीला पुजलेलं असतं ते दारिद्र्य, कष्ट, आजारपण. ‘यश त्याच्या पाचवीला पुजलेलं’ असं कुणी म्हणत नाही. आणि कर्ता कोण? ‘त्यानं कष्ट पाचवीला पुजले’ चूक, कारण पूजा दुसऱ्यांनी केली, तो पाच दिवसांचा होता. म्हणून ‘कष्ट तर तिच्या पाचवीलाच पुजलेले’. कृती समजली की कर्ता आपोआप बरोबर येतो.

सहावी पायरी : वाक्य लिहिणं

राम, सीता, मोहन यांना विश्रांती द्या. ज्या प्रसंगात तुम्ही स्वतः होता तो घ्या आणि वाक्यात तीन गोष्टी येऊ द्या : कोण, कुठे आणि त्यानंतर काय झालं. ‘चोरानं पोलिसांच्या हातावर तुरी दिल्या’ हे प्रत्येक गाइडमध्ये आहे. ‘इंजेक्शनची सुई पाहताच धाकट्यानं आमच्या हातावर तुरी दिल्या आणि तो थेट रिक्षात जाऊन बसला’ हे तुमचं. वाक्प्रचार काढून टाकला तर वाक्य लंगडं झालं पाहिजे. होत नसेल तर तो नुसता चिकटवलेला आहे.

‘‘‘ओनामा’ हा शब्द बाईंनी आम्हाला शिकवला’’ अशी पळवाट काही मुलं काढतात. मी तिला गुण देत नाही.

परिच्छेदात एक वाक्प्रचार पुरे, दोन फार झाले. तीन आले की लिहिणारा दिसायला लागतो आणि सांगायची गोष्ट मागे पडते. आणि नमन लांबवू नका. नाटक-लळितांत तेलाच्या उजेडात खेळ व्हायचा, सुरुवातीच्या नमनातच घडाभर तेल जळलं तर पुढे अंधार. ‘नमनाला घडाभर तेल’ तिथूनच आलं.

संतांच्या पूर्ण ओळी वापरताना आणखी एक पथ्य. चोखोबांची ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ ही ओळ फार सुंदर. डोंगा म्हणजे वाकडा. पण ती ओळ जातीच्या उतरंडीत बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाची आहे. देखणं नसलेल्या आंब्याच्या पेटीच्या जाहिरातीत ती घालू नये. रूपावरून, कपड्यांवरून, बोलीवरून माणसाला खाली पाहिलं जातं, तिथे ती म्हणावी. माझ्या वर्गात गावाकडच्या बोलीवरून एका मुलीला कुणी हसलं तेव्हा मी फळ्यावर फक्त ती ओळ लिहिली होती.

काही वाक्प्रचार समजून घ्यावेत, वापरू नयेत. बखरींत भेकडाला ‘बांगड्या भर’ म्हणतात. जातींची, विधवांची, अपंगांची हेटाळणी करणारेही बरेच आहेत. जुनं वाचायचं तर ते कळायला हवेत, म्हणून वहीत मी त्यांच्यापुढे लाल खूण करते. लिहिताना त्यांची गरज मला आजवर पडलेली नाही.

सातवी पायरी : वही

वही दोनशे पानी, आडव्या रेघांची घ्या. डाव्या पानावर ज्या वाक्यात वाक्प्रचार भेटला ते वाक्य जसंच्या तसं, अनुस्वारांसकट, पुस्तकाच्या नावासह. उजव्या पानावर चार ओळी : मागची कृती, ठरलेला प्रत्यय, चांगल्याला की वाईटाला, आणि स्वतःचं वाक्य. स्वतःचं वाक्य सुचलं नाही तर जागा मोकळी ठेवा. माझ्या वहीत ‘दाती तृण धरणे’पुढची जागा दोन वर्षं मोकळी होती. आठवड्याला तीन वाक्प्रचार पुरतात, वर्षाला दीडशे होतात. पण लिहिलेला वाक्प्रचार त्याच आठवड्यात एकदा बोलण्यात यायला हवा : घरी, फोनवर, भाजीवाल्या मावशींशी. तोंडातून गेला नाही तर तो वहीतच राहतो.

गेल्या वर्षी मी मुलांना ‘मजल दरमजल’ दिलं. पंचवीस जणांनी शिवाजी महाराजांच्या फौजेवर वाक्यं लिहिली. बरोबरच होती. बीडकडचा एक मुलगा वर्गात उशिरा दाखल झालेला, आईबाप ऊसतोडीला आलेले. त्याच्या वहीत होतं : ‘दसरा झाला की आमचं बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढतं आणि मजल दरमजल करत दुसऱ्या रात्री कारखान्यावर डेरेदाखल होतं.’ डेरेदाखल मी त्या दिवशी शिकवलंही नव्हतं. विचारलं तर म्हणाला, आधीच्या धड्यात होतं, आणि कोपी (ऊसतोड कामगारांची झोपडी) म्हणजे डेराच की बाई. मी वर्गाला ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना थांबून मुलांना विचारलं, वाटेत मुक्काम कुठे कुठे होत असतील? तो फळ्याजवळ आला आणि त्यानं एकेका गावाचं नाव लिहायला सुरुवात केली.